शेवडेबाईंची शिक्षा

शेवडेबाई हिंदी बोलायला लागल्या की त्यांचा उजवा हात आपोआप पदराखाली जायचा. ग्वाल्हेरच्या दाना ओलीतल्या आमच्या गल्लीत हे कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. माझ्या आलं, कारण मी तेव्हा त्यांच्या कमरेएवढी होते आणि भाजीच्या ठेल्यापाशी त्यांचा पदर बरोबर माझ्या डोळ्यांसमोर असायचा. एकदा बाई म्हणाल्या, "भैया, गोभी ताजी है ना?" आणि 'ताजी' म्हणायच्या आधी पदराखाली त्यांची करंगळी मुडपली. "धनिया भी थोड़ा दे देना," म्हणताना अंगठा. मी घरापर्यंत गप्प राहिले आणि मग विचारलं. बाई पिशवी खाली ठेवून खो खो हसल्या.

"पकडलंस होय, भवाने! अगं, करंगळी म्हणजे बाई आणि अंगठा म्हणजे बुवा. कोथिंबीर मराठीत ती आणि हिंदीत तो. जिभेला कितीदा सांगून ठेवलं तरी जीभ ऐकत नाही. बोटं ऐकतात. कुणाला बोलू नकोस हं."

मी बोलले नाही. वीस वर्षं बोलले नाही. मग बोलले, ते साऱ्या देशाला ऐकू जाईल असं.

बाई मूळच्या वाईच्या. लग्न होऊन ग्वाल्हेरला आल्या तेव्हा अठरा वर्षांच्या होत्या, व्हर्नाक्युलर फायनल म्हणजे मराठी सातवी झालेल्या, आणि हिंदीचा एक शब्द ठाऊक नव्हता. यजमान दरबारच्या नकाशे खात्यात नकाशानवीस होते. आमच्या भागातल्या मराठी घरांतून तेव्हा बाईमाणसाचं बरंचसं मराठीत भागत असे. बाईंना जयेंद्रगंजातल्या मुलींच्या मराठी शाळेत नोकरीही लागली. तेवढ्यात संस्थान विलीन झालं, मध्य भारत नावाचं नवं राज्य झालं. कचेऱ्या काही महिने इथे, काही महिने इंदूरला. यजमान नकाशांच्या गुंडाळ्या घेऊन तिकडे जायचे. "माझा नवरा पाखरासारखा होता," बाई सांगायच्या. "ऋतू बदलला की उडायचा." आठ वर्षांत मध्य भारतही मोडला, मध्य प्रदेश झाला आणि कचेरी कायमची भोपाळला गेली. यजमान पुढे गेले. घर मिळालं की बाईंना बोलावून घेणार होते. घर मिळायच्या आत विषमज्वराने तिथेच गेले.

त्याच सुमारास शाळा हिंदी झाली. 'बाई' म्हणायचं नाही, 'बहनजी' म्हणायचं, असं फर्मान निघालं. लहान मुली मात्र सवयीने 'बाई'च म्हणत राहिल्या. बाई ते दिवस नेहमी हसत सांगायच्या. "संस्थान विलीन झालं त्याचं मला काही नाही, नंदे. पण त्यात आमचं नपुंसकलिंगही विलीन झालं बघ. घर गेलं बुवांत, पुस्तक गेलं बायकांत. विचारायची सोय नाही."

एक गोष्ट मात्र त्या हसत सांगत नसत, आणि ती त्यांनी मला एकदाच सांगितली. मी अकरावीत होते. हिंदीच्या वक्तृत्व स्पर्धेत सगळ्यांसमोर एक शब्द चुकीचा बोलून आले होते आणि त्यांच्या स्वयंपाकघरात बसून रडत होते.

बाईंच्या वर्गावर एक साहेब तपासणीला आले होते. नव्याने भोपाळहून आलेले. त्यांनी विचारलं, "कहिए बहनजी, शिक्षा कैसी चल रही है?" हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण, हे बाईंना कुठे ठाऊक? त्या हात जोडून म्हणाल्या, "साहब, हमारे यहाँ शिक्षा बिल्कुल नहीं है. हम किसी लड़की को शिक्षा नहीं देते." साहेब एवढे हसले की त्यांना ठसका लागला. त्यांनी बाहेरून मुख्याध्यापिकेला बोलावलं, कारकुनाला बोलावलं आणि बाईंना तेच वाक्य पुन्हा म्हणायला लावलं. बाईंनी पुन्हा म्हटलं. सगळे पुन्हा हसले. आपण काय चुकलो हे बाईंना कळत नव्हतं, तरी त्याही जरा हसल्या, कारण सगळे हसत होते.

"पण मुली हसल्या नाहीत," बाई म्हणाल्या. "तीस-पस्तीस पोरी होत्या तिसरीच्या. निम्म्या हिंदी घरांतल्या. त्यांना तर चूक कळलीच असणार. एक हसली नाही बघ. आणि मग ती रज्जो उभी राहिली. हलवायाची पोर, एवढीशी. म्हणाली, 'साब, बाई मारती नहीं हैं. वो ये कह रही हैं.' साहेबांचं हसू थांबलं. नंदे, मला तेव्हा नवरा जाऊन चार महिने झाले होते. त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, आपण इथे राहू शकू."

साहेबांनी शेरा मारायचा तो मारलाच. वर्षाच्या आत हिंदीची परीक्षा, नाहीतर नोकरी नाही. वाईला परत जावं तर भावाच्या दारात उभं राहावं लागणार. बाई राहिल्या. शाळा सुटल्यावर रज्जो त्यांच्याबरोबर घरी यायची आणि आठ वर्षांची पोर तिशीच्या बाईंना हिंदी शिकवायची. भिंतीवर खडूने दोन रकाने होते, आणि त्यांत रोजच्या वस्तू. बोटांची युक्तीही रज्जोचीच. बाई परीक्षा पास झाल्या आणि त्याच शाळेत पुढे तीस वर्षं हिंदी शिकवून निवृत्त झाल्या.

मीही त्यांच्याकडूनच शिकले. आमच्या घरी मराठी, शाळेत हिंदी, आणि मला धड एकही येत नव्हती. सहावीत हिंदीत नापास झाले तेव्हा आईने मला हाताला धरून त्यांच्यापुढे नेऊन बसवलं. बाईंनी कधी काही घेतलं नाही. "चुकायचं तर मोठ्याने चूक," त्या म्हणायच्या. "पुटपुटून चुकलेलं मला सुधारता येत नाही." दही पुल्लिंगी का, असं मी विचारलं की म्हणायच्या, "दह्यालाही ठाऊक नाही. पाठ कर." आणि एकदा, काहीतरी निवडत बसल्या असताना, माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "मराठीत आत्मा पुरुष असतो, हिंदीत बाई असते. मला हे कळलं ना, त्या दिवसापासून हिंदी आवडायला लागली."

पुढे मी हिंदीत एम.ए. केलं, मुंबईला गेले आणि हिंदी लिहून पोट भरू लागले. जाहिराती, मग मालिका, मग एक कार्टून मालिका. एका गल्लीतलं एक विनोदी कुटुंब, त्यांचे शेजारी, त्यांची बकरी. दर आठवड्याला वीस मिनिटांची नवी गोष्ट. मुलांसाठी होती, पण घरातले मोठेच जास्त बघायचे. लिहिणारे आम्ही चौघं होतो. दुसऱ्या वर्षापर्यंत आमच्या गोष्टी संपत आल्या. एका सकाळी दिग्दर्शक मेहरोत्रा टेबलावर पेन आपटत म्हणाला, "कुछ असली लाओ यार. किसी के घर में कोई नमूना नहीं है क्या?"

आधीच्या तीन आठवड्यांत माझी एकही गोष्ट घेतली गेली नव्हती. मी म्हणाले, "हमारे यहाँ एक टीचर थीं."

खरं सांगायचं तर मला त्या क्षणी काहीही चुकीचं वाटलं नाही. उलट बाईंबद्दल बोलताना मला भरून आलं होतं. मी 'शिक्षा'ची गोष्ट सांगितली आणि सगळे हसले, अगदी त्या साहेबांसारखे. मी बोटांची गोष्ट सांगितली, तेव्हा मेहरोत्रा खुर्चीतून उठला. "ये तो कमाल है! पर हाथ पल्लू के नीचे क्यों? बाहर निकालो, दिखाओ!" चित्रकाराने तिथल्या तिथे कागदावर एक गोल बाई काढली. नऊवारी, मोठा चष्मा आणि दुधीभोपळ्याएवढा अंगठा. बाई आयुष्यात कधी नऊवारी नेसल्या नव्हत्या. मी काही म्हणाले नाही.

रज्जोपाशी मात्र मी अडखळले होते. पहिल्या खर्ड्यात ती उभी राहत होती आणि तेच वाक्य म्हणत होती. मेहरोत्राने वाचलं आणि म्हणाला, "यहाँ कॉमेडी बैठ जाती है. बच्चे हँसेंगे तभी तो देखने वाला हँसेगा." मी घरी जाऊन रज्जोचं पान काढून टाकलं. त्या जागी सगळा वर्ग बाकांवर लोळून हसतो असं लिहिलं. एक खोडकर मुलगी बाईंच्या मागे उभी राहून अंगठा आणि करंगळी नाचवते, असंही लिहिलं. ते मला सुचलं होतं, मेहरोत्राला नाही.

कार्टूनमध्ये आवाज आधी ध्वनिमुद्रित होतो आणि मग त्यावर चित्रं हलवतात. बाईंचा आवाज काढायला एक हुशार मुलगी आली होती. तिने चारपाच वेळा प्रयत्न केला, पण ते काही जमेना. ती बावळट बाई काढत होती. बाई बावळट नव्हत्या. शब्द येण्याआधी त्यांच्या आवाजात एक अर्ध्या श्वासाची थांबण्याची जागा होती. शेवटी मी काचेच्या खोलीत शिरले, कानाला हेडफोन लावला आणि तिला बोलून दाखवलं. "साहब… हमारे यहाँ…" हुबेहूब. काचेपलीकडे सगळे हसत होते, एकजण तर डोळे पुसत होता. लहानपणी स्पर्धेत जे कधी मिळालं नव्हतं ते मला त्या खोलीत मिळालं. मी तीनदा बोलून दाखवलं. दोनदा कुणी सांगितलंही नव्हतं.

तो भाग लागायचा होता त्या आठवड्यात चुलतभावाच्या लग्नासाठी मी ग्वाल्हेरला होते. आईने गल्लीत सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की नंदूने लिहिलेलं टीव्हीवर येणार. बाईंना तर अभिमान आवरेना. "माझ्याकडेच बघू या," म्हणाल्या. "माझी विद्यार्थिनी आहे ती." त्यांनी चिवडा केला, सतरंज्या घातल्या, पाटणकर बाजारातून पेढे आणवले. दुपारी मी त्यांच्याकडे गेले होते, सांगावं म्हणून. बाई खुर्चीवर चढून टीव्हीवरची धूळ पुसत होत्या. मी म्हणाले, "बाई, ते जरा थट्टेचं आहे." त्या म्हणाल्या, "अगं मग हसू की. हसायला काय जातंय?" त्यांना कळणारच नाही, असं मी स्वतःला समजावलं.

दहाबारा माणसं होती. बाई पुढे खुर्चीत, मी दाराजवळ. पडद्यावर ती गोल बाई आली आणि तिने तोंड उघडलं. मग शेजारच्या घरातली नवी सून ओरडली, "अरे, ये तो अपनी बाई हैं!" आणि खोलीभर हशा उसळला. भाजी घ्यायचा प्रसंग आला. दुधीभोपळ्याएवढा अंगठा वर आला. सगळ्यांच्या नजरा आधी टीव्हीकडे आणि मग बाईंच्या हाताकडे गेल्या. मग साहेब आले, 'शिक्षा' आली, सगळा वर्ग बाकांवर लोळायला लागला.

बाई हसत होत्या. मला त्यांचा चेहरा एका बाजूने दिसत होता. सगळे हसतात म्हणून हसणं कसं असतं, हे त्यांनीच मला सांगितलं होतं.

संपल्यावर त्यांनी सगळ्यांना पेढे दिले. हिंदी बोलणाऱ्या शेजारणींनाही त्या मराठीतच म्हणाल्या, "या हं पुन्हा." माझ्या हातावर पेढा ठेवला आणि म्हणाल्या, "नाव तुझं स्पष्ट दिसलं पडद्यावर. छान." दुसऱ्या दिवशी सकाळची गाडी होती. मी त्यांच्या दारावरून न जाता मागच्या गल्लीने रिक्षा घेतली.

मुंबईत त्या भागाचा गवगवा झाला. पुन्हा पुन्हा लागला. ऑफिसात केक कापला, आणि मला लिहिणाऱ्यांची मुख्य केलं. 'हम शिक्षा नहीं देते' हे वाक्य लोक येताजाता म्हणू लागले. मी बाईंना फोन केला नाही. त्यांचाही आला नाही. चार महिन्यांनी आई फोनवर इकडचं तिकडचं बोलता बोलता म्हणाली, "आणि त्या शेवडेबाईंचं मालूम आहे का तुला? अगं, त्या आता बाजारात बोलतच नाहीत नं. ठेल्यावर उभ्या राहतात, बोटाने दाखवतात, बस. गल्लीतली पोरं मागून चिडवतात, अंगठे नाचवतात. मी रागावले एकदोनदा. पण तू असं करायला नको होतंस, बेटा."

पन्नास वर्षं बोटं मुडपून मिळवलेली भाषा त्यांनी वीस मिनिटांत खाली ठेवली होती.

मी गेले. सुट्टी काढून, फक्त त्याच्यासाठी. बाई खिडकीशी वाचत बसल्या होत्या. मी पाया पडले आणि तशीच खाली बसून राहिले. पाठ करून आणलेलं काही तोंडातून निघेना. म्हणाले, "बाई, चुकले."

"पुटपुटू नकोस," त्या म्हणाल्या.

मी मोठ्याने म्हणाले, "बाई, माझं चुकलं. मी तुमची चेष्टा केली."

त्यांनी चष्मा काढला. "हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न. ती मी जन्मभर केली. तू मराठीतली केलीस." मग म्हणाल्या, "माझं हसू झालं त्याचं एवढं नाही गं. साहेबांनी केलं होतं, तसं तू केलंस. माणूस पोट भरायला काय काय करतं, ते मला ठाऊक आहे. पण मुलींना का हसवलंस तू?"

बाईंनी पुस्तक मिटलं.

"तेवढ्यासाठी तर मी तुला ती गोष्ट सांगितली होती. त्या हसल्या नाहीत, हीच तर गोष्ट होती." मग त्यांनी खिडकीबाहेर बघत सांगितलं, "रज्जोचा फोन आला होता. झाशीला असते, नातवंडं आहेत तिला. त्यांच्याबरोबर बघितलं म्हणे. मला विचारत होती, 'बाई, सच बताना. मैं भी हँसी थी क्या?' मी म्हटलं, नाही गं, तू नव्हतीस हसली. तर म्हणाली, 'पक्का?' दोनदा विचारलं तिने. रडत होती."

बाईंनी मला चहा दिला. जाताना नेहमीसारखं 'पोचल्याचं कळव' म्हणाल्या. मला माफ केलं का, ते मी विचारलं नाही, आणि त्यांनी सांगितलं नाही. न मागता माफी देऊन टाकणाऱ्या त्या नव्हत्या. उत्तर अर्धं असेल तर त्या अर्धेच गुण द्यायच्या.

मी परत येऊन मेहरोत्राला म्हटलं, तो भाग पुन्हा दाखवू नका. तो म्हणाला, "नाम तो किसी का लिया नहीं. तकलीफ किसको हुई?" मी सांगितलं. तो थोडा गंभीर झाला आणि म्हणाला की ते आता चॅनेलच्या हातात आहे. ते खरंही होतं. वर्षभराने मी ती मालिका सोडली, पण त्यामागे काही फार मोठं नव्हतं. दुसरीकडे चांगलं काम मिळालं होतं.

बाई पुढच्या हिवाळ्यात गेल्या. छातीत कफ झाला होता, चार दिवसांत आटोपलं. मी पोचले तोवर सगळं झालं होतं. आई म्हणाली, शेवटी दवाखान्यात डॉक्टर हिंदीत विचारायचे आणि बाई नुसती मान हलवायच्या. कुठे दुखतंय ते सांगाच, असं आईने परोपरीने विनवलं, तेव्हा त्या आईला मराठीत सांगायच्या आणि आई डॉक्टरांना.

यंदाच्या सुट्टीत माझी मुलगी टीव्हीपुढे लोळत होती. ती नऊ वर्षांची आहे. स्वयंपाकघरात मला तिचं हसणं ऐकू आलं आणि पाठोपाठ तो आवाज, अर्धा श्वास थांबून बोलणारा. मी हात पुसत बाहेर आले. ती पोट धरून हसत होती. शेवटी नावं आली तेव्हा एकदम उठून बसली. "आई! हे तू लिहिलंयस?"

"हो."

"या बाई खऱ्या होत्या?"

मी म्हणाले, "नाही गं. कार्टून आहे ते."

"मग बरंय," ती म्हणाली आणि पुन्हा उशीवर पडली. "नाहीतर त्यांना किती वाईट वाटलं असतं."